समोरचा संघ

ऋचाच्या शाळेच्या हॉलमध्ये शिरलं की डाव्या भिंतीवर एक लांबलचक लाकडी फळा दिसतो. शाळेत अधिकृतपणे खेळले जाणारे सगळे खेळ त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेले आहेत, आणि प्रत्येक खेळापुढे त्याच्या पहिल्या प्रशिक्षकाचं नाव. ऋचा बारावी होऊन बाहेर पडली त्या वर्षीच्या निरोपसमारंभाला आम्ही गेलो, तेव्हा फळ्याच्या अगदी तळाशी एक नवी ओळ चकाकत होती. लॅक्रॉस. त्यापुढे एका इंग्लिश बाईंचं नाव. या बाई शाळेत आल्या त्याच मुळी लॅक्रॉस अधिकृत झाल्यानंतर. बाई चांगल्याच असतील, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. पण ते नाव वाचून मी हातातला सरबताचा ग्लास न पिताच रागाने ठेवून दिला.

"आई, डोन्ट मेक दॅट फेस लाह," ऋचा इथल्या मुलांच्या इंग्रजीत हळूच म्हणाली. "एव्हरीबडी इज लुकिंग."

बघू देत. त्या ओळीत जे नाव असायला हवं होतं ते मी इथे लिहिते: वसुधा घाडगे. फळ्यावर नाही तर निदान कागदावर तरी असावं.

घाडगे मॅडम पासिर रिसला आमच्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, दोन मजले वर राहायच्या. पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या, पन्नाशीला आलेल्या बाई. डोक्यावर टोपी, आणि काखेत जुन्या ओढणीने बांधलेला काठ्यांचा भारा. प्रत्येक काठीच्या टोकाला जाळीची छोटी झोळी. मी मराठी आहे हे त्यांनी माझ्या फोनवरच्या बोलण्यावरून ओळखलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "फुलपाखरं पकडता का?"

"न्हाई वहिनी," त्या म्हणाल्या, "पोरी पकडतो."

मॅडम कोल्हापूरच्या. तिकडच्या बायका बोलतात तशा 'मी आलो, मी गेलो' म्हणायच्या, आणि आमच्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना ते ऐकून हसू फुटायचं. त्यांना त्याची काही फिकीर नव्हती. तरुणपणी त्या महाराष्ट्राकडून हॉकी खेळल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. कोल्हापुरात म्हातारी आई आणि भाऊ, आणि इथे त्या एकट्या, बुकित तिमाहच्या एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये खेळाच्या शिक्षिका. ऋचाला लोकल शाळेत जागा मिळाली नाही म्हणून आम्ही तिला ज्या शाळेत घातलं, ती हीच. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, तेव्हा त्या शाळेपर्यंत पोचली नव्हती. मॅडम अंधार असतानाच निघायच्या, गाडी बदलून मग बस, आणि संध्याकाळी तसंच परत.

त्यांच्या उजव्या हाताला एक खोड होती. लॅक्रॉसमध्ये चेंडू त्या जाळीत घेऊन पळायचं असतं, आणि तो पडू नये म्हणून काठी सतत मनगटातून झुलवत राहावी लागते. त्याला लॅक्रॉसवाले पाळणा हलवणंच म्हणतात. मॅडमच्या हाताला ही सवय इतकी लागली होती की हातात जे असेल ते झुलायचं. छत्री झुलायची, बाजाराची पिशवी झुलायची, हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत हातातला चमचा झुलायचा. तिथे त्या नेहमी चिकन राइस घ्यायच्या आणि पर्समधून घरच्या ठेच्याची बाटली काढायच्या. स्टॉलवाल्या अंकलनी एकदा ठेचा चाखून पाहिला, पाणी प्यायलं, आणि दुसऱ्या दिवशी परत मागितला. मॅडम मला म्हणाल्या, "बघा, ह्यो गडी पण पकडला."

लॅक्रॉस त्यांनी आणलं नव्हतं. एका अमेरिकन शिक्षकाने काठ्या आणल्या आणि वर्षभरात त्याची बदली झाली. इंटरनॅशनल स्कूलमध्ये दर जूनला हे असंच होतं. कोणाच्या वडिलांची बदली, कोणाचा करार संपला, अर्धा वर्ग केक कापून निघून जातो. काठ्या स्टोअररूममध्ये पडून राहिल्या. मॅडमना त्या मिळाल्या तेव्हा दमट हवेने चामड्याच्या वाद्या कुजल्या होत्या. त्यांनी त्या घरी आणल्या, एकेक झोळी उसवून नव्याने विणली, आणि खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या बांबूवर टांगल्या. खाली सगळ्या ब्लॉकने वर बघितलं. खेळ त्या व्हिडिओ बघून आणि खालच्या बास्केटबॉल कोर्टच्या भिंतीवर चेंडू मारून शिकल्या, वयाच्या त्या टप्प्यावर, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून. मग शाळेत मुली गोळा केल्या. ऋचाला धावायचा कंटाळा, म्हणून तिला गोलकीपर केलं. माझी सुस्त मुलगी हेल्मेट घालून चेंडूच्या समोर उभी राहायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा या बाईंबद्दल आदर वाटला.

त्यांच्याकडे शिट्टी होती, पण ती वाजवताना मी कधी ऐकली नाही. एक टाळी वाजवायच्या. एका टाळीत मुली थांबायच्या. इथे पाऊस येण्याआधीच मैदानावर वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजतो आणि सगळ्यांना शेडमध्ये पळावं लागतं; इतर संघ मग फोन काढून बसतात. मॅडमच्या मुली शेडच्या भिंतीकडे तोंड करून ओळीने उभ्या राहायच्या आणि डोळे मिटून काठी झुलवायच्या. बाहेर विजा, आत सगळं चिडीचूप. "डोळं उघडं असलं की माणूस चेंडूकडं बघतंय," मॅडम म्हणायच्या. "चेंडू झोपलाय का न्हाई ते हाताला कळाय पायजे." एकदा मी ऋचाला आणायला गेले होते तेव्हा हे बघितलं. मला ते देवळातल्यासारखं वाटलं आणि थोडं वेड्यासारखंही.

आता मिस्टर हॅरिस. शाळेचा क्रीडाप्रमुख. उंच, सभ्य, नियमाला धरून चालणारा माणूस. त्याचा नियम सरळ होता: दुसऱ्या शाळेशी सलग दोन सीझन, ठरलेले सगळे सामने पार पाडले, तर खेळ अधिकृत. अधिकृत खेळाला वेळेवर मैदान मिळतं, बस मिळते, आणि मुख्य म्हणजे तो कोणाच्या लहरीवर बंद होत नाही. तोवर लॅक्रॉसच्या मुलींना कचऱ्याच्या डब्यांमागचा कोपरा, तोही बाकी सगळ्यांचं झाल्यावर. पुढच्या जूनला अर्ध्या मुली गेल्या की हॅरिस कधीही म्हणू शकत होता, थँक यू, आता पुरे.

मॅडमनी इतर इंटरनॅशनल शाळांना विचारलं. सगळ्यांनी कळवतो म्हणून सांगितलं आणि कोणी कळवलं नाही. एका रविवारी त्या आमच्याकडे भाकरी घेऊन आल्या आणि जेवता जेवता सांगितलं, की त्यांच्या कॉलेजातला मुलींचा हॉकीचा संघ असाच बंद पडला होता. मुली होत्या, काठ्या होत्या, आसपासच्या एकाही कॉलेजात दुसरा संघ नव्हता. प्राचार्य म्हणाले, तुम्ही कोणाशी खेळणार? "त्या दिवशी मैदानावरनं घरी गेलो ते मला अजून आठवतंय," मॅडम म्हणाल्या. "समोर कुणीतरी लागतंय, वहिनी. समोर कुणी नसंल तर ती कवायत. खेळ न्हवं."

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की ऋचा त्याची नक्कल करायची.

समोर कोणी मिळेना, तेव्हा या बाईंनी समोरचा संघ स्वतःच तयार करायला घेतला. आमच्या ब्लॉकसमोर रस्ता ओलांडला की एक सरकारी सेकंडरी स्कूल आहे. तिथल्या मुली बास्केटबॉल कोर्टवर मॅडमना भिंतीशी खेळताना बघायच्या. त्यांतली शाहिरा नावाची एक किडकिडीत मलाय मुलगी एकदा पुढे आली.

"आंटी, धिस वन फॉर फिशिंग आह?"

मॅडमनी तिच्या हातात काठी दिली. महिन्याभरात कोर्टवर डझनभर मुली झाल्या. त्यांच्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका, मिस रोहाना, आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, शनिवारी सकाळी आमचं मैदान वापरा. मग दर शनिवारी मॅडम तिथे. मुली त्यांना इथल्या पद्धतीने 'चेर' म्हणायच्या, म्हणजे टीचर. मॅडमचं इंग्रजी कामापुरतं, मुलींचं अर्धं मलाय, आणि तरी त्यांच्यात काही अडलेलं मी बघितलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच येऊन आदळलं. आम्ही सगळी तेव्हा पासवर जगणारी माणसं. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा सरकारी परवाना, ज्या मालकाच्या नावावर, काम फक्त त्याचंच करायचं. नोकरी गेली की पास गेला, आणि पास गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. घरात टीव्ही घेतानाही आम्ही विचार करायचो की हा कुठे नेणार. पाया लेबार भागातल्या माझ्या ऑफिसात एकजण नुसता मित्राच्या दुकानात उभा राहिला म्हणून मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणून मी मॅडमना विचारलं, "शाळेला सांगितलंय ना तुम्ही? परवानगी घेतली आहे ना?"

"कशाची?"

"या मुलींना शिकवताय त्याची."

त्या मनापासून हसल्या. "शिकवायला कसली परवानगी, वहिनी? एक पैसा घेत न्हाई मी. शिकवणं म्हंजे काम न्हवं."

माझा नवरा मला म्हणाला, जाऊ दे, त्यांना कळतं. त्यांना कळत नव्हतं. त्यांच्या डोक्यात शिकवणं आणि नोकरी करणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत्या आणि सरकारी पासवर काहीही लिहिलेलं असलं तरी त्या एक होणार नव्हत्या. त्यांनी काही लपवलं नाही. शाळेत कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही, एवढंच.

दोन्ही शाळांचे सामने ठरले; समोरच्या बाजूला मिस रोहाना उभ्या राहायच्या. पहिल्या सामन्यात शाहिराच्या संघाने ऋचाच्या संघाला धुऊन काढलं. ऋचा घरी येऊन रडली. "शी टॉट देम बेटर, आई. आवर ओन कोच." मी वर जाऊन मॅडमना जाब विचारला, अर्धा थट्टेत आणि अर्धा खरा.

"त्या पळत्यात," मॅडम म्हणाल्या. "तुमची पोरगी हुबी ऱ्हात्या. तिला सांगा, डावा खांदा उघडा सोडू नको." आणि चहा ठेवला.

पहिला सीझन पार पडला. दुसऱ्या वर्षी इंडोनेशियाच्या पेटलेल्या जंगलांतला धूर आला, आठवडेच्या आठवडे आकाश पिवळं, मैदानं बंद, मुली मास्क लावून वर्गात. सामने पुढे ढकलले गेले. पण एकेक करत होत आले, आणि शेवटी एकच उरला. एक सामना झाला की लॅक्रॉस अधिकृत. मॅडमच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत जे काही होतं त्याला मी आनंद म्हणणार नाही, त्यांना झोप लागत नव्हती. पण माणूस बऱ्याच लांबून चालत आल्यावर घर दिसतं तसं काहीतरी होतं.

आणि नेमके तेव्हाच आमचे मोहितेसाहेब आले.

मोहिते बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. त्यांचा जीव सत्कारात. कोणाच्या मुलाला बक्षीस मिळालं, कोणी निवृत्त झालं, कोणी कुठे पोहून आलं, की मोहित्यांची शाल तयार. नारळ ते स्वतः लिटल इंडियातून शेंडी बघून आणायचे. माणूस सोन्यासारखा, हे मी आजही म्हणते. त्यांना कुठून तरी मॅडमचं कळलं आणि ते भारावून गेले. आपली मराठी बाई परदेशात नवा खेळ सुरू करते आहे, आणि आपल्याला पत्ता नाही. त्यांनी स्नेहसंमेलनात सत्कार ठरवला.

मॅडम म्हणाल्या, "सत्कार नको, मोहितेसाहेब. जमलं तर पोरींच्या बसची सोय करा."

मोहित्यांना तो विनय वाटला. वर त्यांनी एक शक्कल लढवली, ती आपल्याच लोकांना सुचू शकते. प्रमुख पाहुणा म्हणून त्यांनी मिस्टर हॅरिसला बोलावलं. शाळेच्या क्रीडाप्रमुखासमोर मॅडमची एवढी स्तुती झाली की तो अधिकृतचा शिक्का तिथेच मारून जाईल, हा हिशेब. मॅडमना पाहुणा कोण हे हॉलमध्ये आल्यावर कळलं.

हॅरिसला कुर्ता घालून बसवला होता. त्याला शाल, त्याला नारळ. तो नारळ मांडीवर धरून सगळ्यांकडे बघून हसत होता. शेजारी मॅडम, आयुष्यात दुसऱ्यांदा नेसल्यासारख्या पैठणीत. मोहिते पाहुण्यांसाठी इंग्रजीत बोलायला उभे राहिले. मॅडमची हॉकी झाली, कोल्हापूर झालं, कुजलेल्या वाद्या झाल्या. मग त्यांनी आवाज चढवला. आपल्याला वाटत असेल की या बाई एका शाळेला शिकवतात. नाही. दोन शाळांना. दोन वर्षं दर शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, पासिर रिसच्या एका शाळेच्या त्याच कोच आहेत. ज्या संघाने आपल्या संघाला हरवलं, तोही यांनीच घडवला. अशी निःस्वार्थ सेवा.

टाळ्या. सगळा हॉल उठून उभा राहिला. मी पुढून तिसऱ्या रांगेत होते. हॅरिसचं हसू तसंच होतं, पण त्याने मान वळवून मॅडमना काहीतरी हळू विचारलं. मॅडमनी त्याच्याकडे बघून सरळ उत्तर दिलं. नंतर मला कळलं, त्याने विचारलं होतं, "हे खरं आहे?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "येस सर, एव्हरी सॅटर्डे." मग मोहित्यांनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली आणि सगळ्यांनी फोटो काढले. मॅडम त्या फोटोंत हसत नाहीत.

मी टाळ्या वाजवायची थांबले.

पुढचं सगळं फार सभ्यपणे झालं. इथे वाईट गोष्टी सभ्यपणेच होतात. ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पासवर ज्यांचं नाव आहे त्यांच्याखेरीज दुसरीकडे प्रशिक्षक म्हणून काम. बाहेर कळलं तर शाळेच्या परदेशी शिक्षकांचे पास अडचणीत येतील. म्हणून करार तिथेच थांबवायचा. हॅरिसने सांगितलं की नियम त्याने केलेला नाही, आणि त्याला वाईट वाटतं. मला वाटतं त्याला खरंच वाईट वाटलं असावं. मॅडमनी गयावया केली नाही. त्यांनी एकच विचारलं: शेवटचा सामना धरला जाईल का? हॅरिस म्हणाला, दोन्ही संघ मैदानात आले आणि सामना पूर्ण झाला, तर धरला जाईल. मात्र मॅडमना मैदानात पाऊल टाकता येणार नाही, कुठल्याही बाजूने.

मोहिते मॅडमच्या घरी आले तेव्हा मी तिथेच होते, भांडी बांधून देत होते. ते दारातच उभे राहिले. एवढा मोठा माणूस, चपला काढायचंही सुचेना.

"मी तर कौतुकच केलं हो," ते म्हणाले. "मॅडम, मी तर कौतुकच केलं."

"बसा की," मॅडम म्हणाल्या. चहा केला, त्यांना दिला. ते निघाले तेव्हा सत्काराचा नारळ त्यांच्या हातात ठेवला. "ह्यो घेऊन जावा. फोडून मुलांना द्या. मला विमानातनं न्यायचा न्हाई."

मोहिते तो नारळ छातीशी धरून लिफ्टमध्ये शिरले. शालीत मॅडमनी शाळेच्या काठ्या गुंडाळल्या, परत द्यायला.

आणि मग शाहिरा. आपल्यामुळे चेरची नोकरी गेली हे त्या मुलींना कळल्यावर त्यांनी ठरवलं, शेवटच्या सामन्याला जायचंच नाही. मिस रोहानांचंही ऐकेनात. एका संध्याकाळी शाहिरा आणि आणखी चौघी-पाचजणी आमच्या ब्लॉकखालच्या बाकावर येऊन बसल्या. मी कामावरून येत होते, मॅडम खाली आल्या होत्या.

"वी नॉट प्लेइंग, चेर," शाहिरा म्हणाली. तिचे डोळे सुजलेले. "दे सॅक यू बिकॉज ऑफ अस. लेट देम प्ले देमसेल्व्ज लाह."

मॅडम तिच्या शेजारी बाकावर बसल्या. मग त्यांच्या त्या इंग्रजीत म्हणाल्या की मी आता तुमची कोच नाही, शेजारीण म्हणून सांगते. तुम्ही नाही आलात तर त्या मुली कोणाशी खेळणार? त्या मुलींनी तुमचं काय केलं? माझं जे व्हायचं ते झालं. तुम्ही आलात तर निदान ते कशासाठी झालं हे तरी मला सांगता येईल.

शाहिराने विचारलं, "अँड आफ्टर दॅट? हू कोच अस?"

 मॅडमनी खोटं सांगितलं नाही. "आय डोन्ट नो," म्हणाल्या, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला तिथे थांबवेना, मी जिन्याने वर गेले.

खरं तर पुढे काय होणार ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, पण नंतर सगळ्यांना कळलं. तो त्या मुलींचा शेवटचा सामना ठरला. शिकवायला कोणी नाही म्हणून सरकारी शाळेत लॅक्रॉस तिथेच थांबलं. ऋचाच्या शाळेला मात्र, एकदा खेळ अधिकृत झाल्यावर, समोर खेळायला बाकीच्या इंटरनॅशनल शाळा आपणहून आल्या. आता त्यांची लीग आहे. ज्या मुलींच्या जोरावर ते उभं राहिलं त्यांतली शाहिरा पुढे पाया लेबारच्या एका मॉलमध्ये बुटांच्या दुकानात मला भेटली. तिने मला ओळखलं, मापाचे बूट काढून दिले, आणि चेर कशा आहेत विचारलं.

चेर कोल्हापुरात आहेत. आई गेली. गुडघे फार दुखतात. मी महिन्यातून एकदा फोन करते, त्या ऋचाचं विचारतात, ठेचा पाठवू का विचारतात. तिकडे कोणाला शिकवत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कुणाला, वहिनी? आणि समोर कोण?" फळ्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

तो शेवटचा सामना पासिर रिसच्याच मैदानावर झाला. शाहिराचा संघ आला, सगळाच्या सगळा. एका बाजूला मिस रोहाना, दुसऱ्या बाजूला हॅरिस स्वतः, टोपी घालून, हातात घड्याळ. मी इतर आईबापांबरोबर बाकावर होते. मैदानाभोवती हिरव्या तारेचं कुंपण, आणि त्याच्या पलीकडे फूटपाथवर, बरोबर मधल्या रेषेसमोर, मॅडम उभ्या होत्या. बाजारातून परत येता येता थांबल्यासारख्या. हातात पिशवी, पिशवीत मेथी.

समुद्राकडून ढग चढत होते. सगळे एक डोळा तिकडे ठेवून होते, कारण सामना अर्धवट राहिला तर धरला जाणार नव्हता, आणि मॅडमचं विमान तीन दिवसांवर होतं. उत्तरार्धात थोडाच खेळ राहिला असताना भोंगा वाजला. सगळ्या शेडमध्ये पळाल्या. हॅरिस घड्याळाकडे आणि आकाशाकडे आळीपाळीने बघायला लागला. शेडमध्ये दोन्ही संघ दाटीवाटीने उभे, दोन कोपऱ्यांत.

मग ऋचा भिंतीकडे वळली. माझी ऋचा. तिने हेल्मेट काढलं, डोळे मिटले, आणि तिची ती मोठ्या झोळीची गोलकीपरची काठी झुलवायला लागली. तिच्या शेजारी शाहिरा येऊन उभी राहिली. मग एकेक करून सगळ्या, दोन रंगांचे शर्ट, एकच ओळ. कोणी टाळी वाजवली नव्हती. हॅरिस बघत राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, मी रडत होते आणि मला त्याला ते दाखवायचं नव्हतं. रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपच्या आडोशाला मॅडम उभ्या होत्या. तिथून त्यांना शेडची भिंत दिसत होती की नाही, मला आजही ठाऊक नाही.

पाऊस आला नाही. ढग सरकले, खेळ पुन्हा सुरू झाला आणि पूर्ण झाला. शाहिराने शेवटचा गोल ऋचाच्या डाव्या खांद्यावरून मारला. तिचा संघ जिंकला. हॅरिसने घड्याळ खिशात टाकलं आणि मुलींना बसकडे चला म्हणून सांगितलं.

ऋचा बसकडे न जाता कुंपणाकडे गेली. मी तिच्या मागे. तारेच्या पलीकडे मॅडम, अलीकडे ती, घामाने निथळत.

"मॅडम, सॉरी," ऋचा मराठीत म्हणाली. "डावा खांदा उघडा राहिला."

"बघितलो मी," मॅडम म्हणाल्या. तारेतून दोन बोटं घालून त्यांनी तिच्या हेल्मेटचा पट्टा सरळ केला. "ऱ्हाऊ दे. आल्या का न्हाई त्या समोर?"

"आल्या."

"मग झालं."

त्या वळल्या आणि फूटपाथने ब्लॉककडे चालायला लागल्या. हॅरिसने बसमधून हॉर्न वाजवायला लावला, ऋचा पळाली. मी तारेला धरून तिथेच उभी राहिले. मॅडमची पाठ दिसत होती, टोपी दिसत होती, उजव्या हातातली मेथीची पिशवी दिसत होती. त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या, आणि सबंध वाटेत ती पिशवी एकदाही हलली नाही.